दुसरी चावी

अण्णा गेल्यापासून मला त्यांची गाडी सगळीकडे दिसते. लातूरला कॉलेजला जाताना गंजगोलाईच्या वळणावर दिसते, डाळ मिलच्या फाटकाशी दिसते, क्लासला पोरं सोडायला आलेल्या गाड्यांच्या रांगेत तर हमखास. पांढरी, लहानशी, मागच्या काचेच्या कोपऱ्यात ओरखडा असलेली. जवळ गेल्यावर ओरखडा नसतो, आणि आत कुणी दुसराच असतो. खरी गाडी त्या वेळी नांदेडच्या एका वर्कशॉपमागे, बाभळीखाली, तोंड दुमडून उभी असते, हे मला पक्कं माहीत असतं. तरी मी वळून बघतेच.

येळवशीच्या, म्हणजे वेळा अमावास्येच्या, पहाटे ते नांदेडहून मला न्यायला निघाले होते. दर वर्षी मी म्हणायची, एसटीनं येते, आणि दर वर्षी ते म्हणायचे, शेतात जेवायला जाणाऱ्या लेकीनं एसटीनं जाऊ नये. अहमदपूरच्या अलीकडे दाट धुकं होतं आणि रस्त्यात उसाची डबल ट्रॉली उभी होती. तिला मागं दिवा नव्हता. या वाक्याच्या पुढं मी अजून गेलेले नाही.

त्यानंतर विम्याचं काम माझ्याकडं आलं. वारस दोघीच, आई आणि मी. आई म्हणाली, "तूच बघ. मला त्यातलं कळत न्हाई." मला तरी कुठं कळत होतं? मी इतिहास शिकवते. पण पॉलिसीची बारीक अक्षरं मी सगळी वाचून काढली, कारण त्या दिवसांत दुसरं काहीच वाचलं जात नव्हतं. कादंबरी उघडली की तिसऱ्या ओळीपाशी धुकं यायचं. पॉलिसीत धुकं नव्हतं. तिथं प्रत्येक गोष्टीला कलम होतं.

कंपनीनं पाठवलेले सर्व्हेअर सुगत हनवते. सडपातळ, पन्नाशीकडे झुकलेले, बोलताना गाडीच्या पत्र्यावर बोटं टेकवून ठेवायचे, डॉक्टर नाडीवर ठेवतात तशी.

"मॅडम, दुरुस्तीचा खर्च गाडीच्या किमतीपर्यंत जाऊ लागलाय. ही टोटल लॉसमध्येच बसते," ते म्हणाले. "आता दोन रस्ते हायत. एक तर कागदासकट विकायची. घेणारा तिला उभी करील, आपल्या नावावर करून घेईल, पळवील. न्हाईतर आरटीओत नोंदणी रद्द करायची आणि भंगारात तोडायची."

"तोडायची," मी म्हणाले.

"विचार करा. कागद असले तर गाडीचा भाव येतो, नसले तर लोखंडाचा. कंपनी गाडीचाच भाव धरून विम्यातनं तेवढी रक्कम कापणार. तुम्ही तोडली तर मधला फरक तुमच्या अंगावर."

"मग कंपनीनं लोखंडाचा भाव धरावा."

ते हसले. "असं कुणी म्हणत न्हाई, मॅडम. लोक जास्तीसाठी भांडतात. तुम्ही गाडी मारायसाठी भांडून राहिला."

मला एवढंच कळत होतं की नाव बदललं तरी गाडीचा नंबर बदलत नाही. एक दिवस मी एसटीच्या खिडकीत असेन, शेजारून तोच नंबर पुढं निघून जाईल, आणि स्टिअरिंगवर अण्णांची ती आखूड, जाड बोटं नसतील. ते मला बघायचं नव्हतं. भंगारातली गाडी निदान दिसत नाही.

"दोन्ही चाव्या जमा कराव्या लागतील," हनवते म्हणाले.

"एकच आहे."

"दुसरी?"

"हरवली."

"कुठं? प्रतिज्ञापत्रात लिहावं लागतं."

"नांदेडमध्ये," मी म्हणाले. ते खोटं नव्हतं.

राख सावडायच्या दिवशी भुजंगकाकांनी विचारलं होतं, दादाच्या आवडीचं काय काय ठेवायचं? कुणी चहा आणला, कुणी सुपारी. आई उठली, दारामागच्या खिळ्याला टांगलेली गाडीची दुसरी चावी काढली आणि राखेच्या गाठोड्यात ठेवली.

"वैनी, ती चावी हाय," काका हळूच म्हणाले.

"मला डोळे हायत, भावजी," आई म्हणाली.

दुपारी घाटावर गाठोडं सोडलं. राख पाण्यावर पसरत गेली, फुलं तरंगली, आणि चावी सरळ खाली गेली. पाणी जिथं मिटलं तिथं मी बराच वेळ बघत होते.

तेव्हापासून एक स्वप्न पडतं. अण्णा गोदावरीत गुडघाभर पाण्यात उभे आहेत, पँट दुमडून. हातात चावी. ते तिचं बटण दाबतात आणि लांब कुठंतरी गाडी दोनदा वाजते. ते मान कलती करून कानोसा घेतात, आवाज कुठून आला त्याचा. पुन्हा दाबतात. मग माझ्याकडं बघून जरा ओशाळं हसतात. "कुठं लावली होती गं मी?" मला सांगता येत नाही. मी काठावर उभी असते, आणि माझ्या हातात कॉलेजच्या उत्तरपत्रिका असतात.

कंपनीशी मी भांडत राहिले. फोनवर, अर्जातून, कधी नांदेडला जाऊन. मी म्हणायची, नोंदणी रद्द केल्याचा दाखला आणून देते, मग तुम्हाला गाडीचा भाव धरायचा हक्क उरतो कुठं? पलीकडचे साहेब म्हणायचे, तशी पद्धत नाही. मी म्हणायची, पद्धत कोणत्या कलमात आहे ते सांगा. आवाज चढवला नाही एकदाही. पण फोन ठेवल्यावर गाल गरम झालेले असायचे, आणि त्या दिवसांत तेवढीच ऊब अंगात असायची. भांडण चालू होतं तोवर अण्णांचं काहीतरी चालू होतं.

एका सकाळी हनवतेंचा फोन आला. "मॅडम, जिंकलात. लोखंडाचा भाव धरायला साहेब तयार झाले. आईंना घेऊन या, दोघींची सही लागते."

आईनं तोवर गाडी पाहिली नव्हती. मी तिला कार्यालयातच बसवणार होते, पण रिक्षातून उतरली ती कुणाला न विचारता थेट बाभळीकडे चालत गेली. ड्रायव्हरच्या बाजूचं दार अर्धवट उघडंच होतं. सीटवर तिच्या जुन्या लुगड्यांची वाकळ होती, चौघडी. अण्णा बुटके, वाकळ घेतल्याशिवाय त्यांना रस्ता दिसायचा नाही. आईनं ती उचलली, काचेचे तुकडे झटकले, उन्हात धरून पुन्हा एकदा झटकली. मला वाटलं, ती काखेत मारून घरी नेणार. तिनं ती पुन्हा चौघडी केली आणि होती तिथंच ठेवली.

धर्माबादचे रविकांतशेठ तिथंच उभे होते. मोडक्या गाड्या घेऊन उभ्या करायचा त्यांचा धंदा. आमच्या गाडीला त्यांनीच भाव लावला होता, आणि माझ्या हट्टामुळं ती हातची गेली म्हणून माझ्यावर थोडे नाराज होते.

"शेठ, ही नीट होती का?" आईनं विचारलं.

"होती की अम्मा. वरून दिसती तशी न्हाई ती. इंजन लई साफ ठिवलंय. कोण चालवत होतं?"

"हेच."

शेठनी तिच्या मोकळ्या कपाळाकडं बघितलं आणि तोंडातली सुपारी गालात सरकवली.

आई माझ्याकडं वळली. "मंग तोडायलीस कशाला?"

"आई, ते सगळं ठरलंय आता."

"तुझं ठरलं आसंल. मला कुणी इचारलं?"

"रस्त्यात दिसेल ती. कुणीतरी दुसराच चालवत असेल."

"दिसू दे की."

"तुला चालेल?"

ती बोनेटच्या घडीवर हात ठेवून उभी राहिली. बाभळीची पिवळी फुलं तिच्या पदरावर पडत होती. "चावी त्यांच्याकडं हाय, आरते," ती म्हणाली, घरात मीठ संपलंय म्हणावं तशी. "तू तोडून टाकलीस तं ते काय उघडतील?"

पाणी, दुमडलेली पँट, कलती मान. हे स्वप्न मी तिला कधीच सांगितलेलं नव्हतं.

हनवते हातातले कागद उगाच सारखे करत होते. म्हणाले, "मॅडम, चावी नांदेडमध्ये हरवली म्हणाला होतात."

"गोदावरी नांदेडमध्येच आहे, सर."

"हाव," ते म्हणाले. "हाय खरी." त्यांनी वरचा कागद खाली घातला आणि खालचा वर काढला. "मग कागदासकट करू? साहेब मला खाऊन टाकतील. इतके दिवस भांडलात कशाला म्हणतील."

"माझं नाव सांगा," मी म्हणाले आणि सही केली. आईनं माझ्या सहीखाली केली, शिवकांता, एकेक अक्षर उचलून ठेवत.

शेठ लगेच खुलले. "एक चावी कमी हाय म्हंजे सगळं कुलूप बदलाया लागंल. तेवढे मी कमी करणार बघा."

"कुलूप बदलू नका," मी म्हणाले.

"अवो मॅडम! दुसरी चावी कुणाच्या हातात गावली तर?"

"नाही गावणार."

"कुणाकडं हाय ती?"

"ज्यांची गाडी त्यांच्याकडं," आई म्हणाली.

शेठनी माझ्याकडं बघितलं, हनवतेंकडं बघितलं. हनवते बाभळीत काहीतरी शोधत होते. "आणि न्हेली त्यांनी गाडी, तर मी कुणाला धरू, अम्मा?"

"ते सांगितल्याबिगर न्हेत न्हाईत."

शेठ हसायला गेले आणि मध्येच थांबले. सुपारी बाजूला जाऊन थुंकून आले. "बरं. कुलूप ऱ्हाऊ द्या तेच," ते म्हणाले. "लेकरायची आन." कुलपाचे पैसे मात्र त्यांनी कापलेच.

आईला घरी सोडून मी दुपारची लातूरची गाडी पकडली. इतके दिवस मी डाव्या बाजूला बसायची, शेताकडं तोंड करून, समोरून येणारं काही दिसू नये म्हणून. आज ड्रायव्हरमागच्या खिडकीत बसले.

"मॅडम, ह्या बाजूला लातूरपतोर ऊन लागंल तुमाला," कंडक्टर तिकीट फाडत म्हणाला.

"लागू दे," मी म्हणाले.

लोहा गाव मागं गेलं. उन्हात रस्ता पाण्यासारखा हलत होता, आणि त्या पाण्यातून गाड्या वर येत होत्या, आधी टप, मग काच, मग चाकं. गाडी अजून बाभळीखालीच होती, मला ठाऊक होतं. तरी पांढरी दिसली की मी काचेला कपाळ टेकवून तिचा नंबर वाचत होते.