चौथं शील

चौतीस वर्षं मी दवाखान्यात कात्र्या-चिमटे उकळले. लातूर नवा जिल्हा झाला त्या साली आया म्हणून लागले. डॉक्टर आले-गेले, सिस्टर बदलून गेल्या, ही पारूबाई तिथंच. माझ्या हातच्या चिमट्यानं कुणाची जखम चिघळली म्हणून एकानं तरी सांगावं! उकळलं की शुद्ध झालं, यापुढं मी कुणाचं ऐकून घेत नव्हते. गुर्मी म्हणा हवं तर. होतीच मला.

मी रिटायर झाले आणि त्याच उन्हाळ्यात लातूरला आगगाडीनं पाणी यायची पाळी आली. आमच्या गल्लीत दहा दिवसाला एक टँकर. त्याच उन्हाळ्यात माझ्या भावाची, केरबाची पोरगी पंचशीला माझ्याकडं राहायला आली. केरबा मुदखेडला रेल्वेत. पोरीला डॉक्टर व्हायचं होतं, त्याचा क्लास लातूरला. तिची आई चांगुणा म्हणे, होस्टेलला ठेवू. मी भांडले. म्हणलं, आत्या मेली का तिची? खरं सांगू का, रिकामं घर खायला उठत होतं मला.

पंचूच्या दाताचं आधी सांगायला पाहिजे. आमच्या घराण्याचे दात पुढं. माझ्या बापाचे, माझे, पंचूचे. दवाखान्यात माझ्यामागं मला 'दातवाली मावशी' म्हणायचे. मला ऐकू यायचं, मी पदर तोंडावर घ्यायचे. पंचूला पदर नव्हता, ती हात धरायची. बोलताना हात, हसताना हात. वर्गात उत्तर येत असलं तरी उठायची न्हाई. मंग चांगुणानं तिला नांदेडला दाताच्या डॉक्टरीणबाईकडं नेलं. अडीच वर्षं तारा लावल्या. तारा निघाल्या आन पोरगी अशी खळाळून हसली, की मी बघतच राहिले. आमच्या घरात असं उघड्या तोंडानं कुणी हसलं नव्हतं हो.

तारा काढल्यावर तिला रिटेनर दिलं होतं. दाताच्या मापाचं, काचेवानी आरपार दिसणारं पातळ प्लास्टिक. जेवताना काढायचं, बाकी रात्रंदिवस घालायचं. गार पाण्यानं, मऊ ब्रशनं धुवायचं, डबीत ठेवायचं. न्हाई घातलं तर दात हळूहळू जुन्या जागेला जातेत. पंचू लई नेमाची. वाटीभर पाण्यात ते धुवायची आन तेच पाणी कढीपत्त्याच्या झाडाला घालायची.

त्या दिवशी ती भाकरी खाऊन घाईत क्लासला पळाली. डबी राहिली ओट्यावर. गल्लीत दोघांना कावीळ झालेली, टँकरचं पाणी पिवळं. मी डबी उघडून वास घेतला. म्हणलं, अगं बाई, ह्या असल्या पाण्यानं धुतलेलं ही तोंडात घालून राहिली! गॅस पेटवला, छोट्या पातेल्यात पाणी ठेवलं, चांगलं खळखळ उकळलं आन टाकलं त्यात. दोन मिनटं. चिमट्यानं बाहेर काढलं, ड्यूटीवर काढायचे तसं. कड जराशी वळलेली दिसली. बोटानं दाबली आन ठेवलं डबीत.

संध्याकाळी पंचू आरशापुढं उभी. "आत्या, हे बसंना गेलंय गं."

कड कशानं वळली ते मला तवाच कळलं. त्याच वेळी सांगायचं होतं. एका वाक्याचं काम. पण चौतीस वर्षांची ती गुर्मी! चांगुणाला कळलं तर म्हणेल, म्हणून म्हणत होते होस्टेल. माझ्या तोंडातून काय निघावं?

"रोज नीट घालत नसशील तू. दात सरकले असतील."

ती माझ्याकडं बघत राहिली. मंग "बरं" म्हणाली.

"आईला उगं घोर लावू नको. दाबून घालत जा, बसंल," हेबी वर मीच सांगितलं. काय म्हणावं मला!

तिथून पुढं दीड महिना. पोरगी ते दाबून दाबून बसवायची. हिरड्या सोलल्या, थुंकीत रक्त यायचं. मी हळदीचं बोट लावून द्यायचे. लावताना ती डोळे मिटून घ्यायची आन मी तिच्या मिटल्या डोळ्याकडं बघून मनात म्हणायचे, उद्या सांगते. दुसऱ्या दिवशी टँकर यायचा, न्हाईतर पाव्हणा यायचा. न सांगायला निमित्त लई मिळतेत.

आमच्या घरी रोज संध्याकाळी दिवा लावून वंदना होते. आई-बापानं घेतलेला धम्म, मी कवा चुकवला न्हाई. पाच शीलं ओळीनं म्हणायची. हिंसा करणार न्हाई, चोरी करणार न्हाई, तिसरं झालं की चौथं, खोटं बोलणार न्हाई. तिथं आलं की माझी जीभ टाळ्याला चिकटायची. शेजारी पंचूचाबी आवाज थांबायचा. मी कसंबसं पुढं म्हणले की तीबी म्हणायची. मला वाटायचं, थोरल्या माणसाला मान देऊन राहिली.

जून लागायच्या आत नांदेडची तारीख आली. आम्ही दोघी एसटीनं गेलो, मुदखेडहून चांगुणा आली. डॉक्टरीणबाईनं रिटेनर हातात घेतलं, उजेडाला धरलं, फिरवून बघितलं.

"हे गरम पाण्यात कुणी टाकलं?"

मी मूग गिळून बसले. बसलेच हो! पंचूनं एकदा माझ्याकडं बघितलं.

"माझ्याकडून झालं, मॅडम."

"डॉक्टर व्हायचंय ना तुला? एवढं सांगून..." बाई लई बोलल्या. "बरं, झालं तर झालं. त्याच आठवड्यात आली असतीस तर नवं करून दिलं असतं, काही बिघडलं नसतं. दीड महिना काय करत होतीस? समोरचे दोन दात सरकलेत. परत तारा लावाव्या लागतील. सात-आठ महिने."

चांगुणा तिच्यावर ओरडली, "अक्कल कुठं ठेवली होतीस गं?"

आन पंचूचा हात वर गेला. तोंडावर. तोच जुना हात.

ते मला बघवलं न्हाई. मी उठून उभी राहिले. "चांगुणा, पोरीला बोलू नको. मी उकळलं ते. मीच उकळलं आन मीच तिच्यावर ढकललं. दीड महिना रोज तिचं रक्त बघितलं आन गप बसले."

चांगुणा माझ्यावर ओरडली न्हाई. तिनं ओरडायला पाहिजे होतं. एवढंच म्हणाली, "आक्का, तिचं सामान बांधून ठेवा. रविवारी मी होस्टेलला न्यायला येते."

"हाव," म्हणलं.

परतीच्या गाडीत पंचू खिडकीला बसली. अहमदपूरच्या स्टँडावर गाडी थांबली तवा मी तिचा हात धरला. "पोरी, माझं चुकलं गं."

"मला म्हाईत होतं, आत्या. पहिल्याच दिवशी. त्याच्यावर चुन्यावानी पांढरा थर होता. तसा थर फकस्त तुझ्या उकळायच्या पातेल्यात असतो."

"मंग बोलली का न्हाईस? आईला तरी सांगायचं!"

"आईनं मला नेलं असतं. तू एकटी पडली असतीस." बोलताना हात तोंडावरच होता. "आन तू रोज चौथ्या शीलाला थांबायचीस ना. म्हणून मीबी थांबायचे. वाटायचं, आज सांगशील."

मी पदर तोंडाला लावला आन भर स्टँडावर, सगळ्या माणसांत, मोठ्यानं रडले. गाडीतली माणसं वळून बघायला लागली. पंचूनं पिशवीतली बाटली काढली, तळाला घोटभर पाणी उरलं होतं. टोपण उघडून तिनं ती माझ्या हातात दिली.