किटलीवरचा कागद

आमच्या ह्यांनी चिकटवलेली वस्तू सुटत नाही. लग्नानंतर माझ्या चपलेचा अंगठा तुटला होता, तो ह्यांनी असा चिकटवला की चप्पल झिजून गेली पण अंगठा शाबूत राहिला. सुतार माणूस. येता-जाता मिरवायचे, "मी जोडलेलं देवालासुद्धा सुटायचं नाही." मी म्हणायची, "माझंच बघा की!"

गेल्या वर्षी ह्यांचा उजवा हात थरथरायला लागला. आधी बोटं, मग मनगट. एकदा चालू कामात करवत हातातून निसटली, आणि त्याच दिवशी हत्यारांची पेटी खाटेखाली गेली. तिच्यामागोमाग हे खाटेवर. भिंतीकडे तोंड करून. जेवायला बोलावलं तरी "हं", उठा म्हटलं तरी "हं". मी दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी बाई, आणि माझंच घर मुकं झालं. आदळआपट करून पाहिली, रडून पाहिलं, जुनी भांडणं उकरून काढली. पण भांडायलाही समोर माणूस लागतो ना! खोटं कशाला बोलू, मला भीती वाटायची. हा माणूस हळूहळू त्या भिंतीतच जिरून जाणार, असं वाटायचं.

त्याच सुमारास ती चित्रवाली पोर आली. आमची बैठी घरं आणि पलीकडची उंच इमारत यांच्यामधे एक लांबलचक भिंत आहे, वर काचा खोवलेली. त्या काचा कुणासाठी आहेत हे आम्हाला न सांगता कळतं. ही पोर म्हणाली, दोन्हीकडच्या फुटक्या कपबश्या, बरण्या, ताटल्या गोळा करू आणि त्या तुकड्यांचं भिंतीवर चित्र करू. एक लांब टेबल, भोवती बसलेली माणसं आणि मधोमध मोठी किटली. म्हातारेकोतारे, शाळेतली पोरं, तिकडचे, इकडचे, सगळ्यांनी एकत्र बसून करायचं. मी म्हटलं, झालं! रिकामटेकड्यांना उद्योग मिळाला.

पण तिथली बाकं डगमगतात असं कानावर आलं आणि मी ह्यांना बेलाशक थाप मारली, "बाकं दुरुस्त करायला बोलावलंय तुम्हाला." हे गेले. कपाळाला आठ्या, गालावर खुंट, पण गेले. दुसऱ्या दिवशी मला न सांगता गेले. पुढच्या आठवड्यात चक्क दाढी करून गेले!

शाळेच्या हॉलात काम चालायचं. चित्र जाड खाकी कागदांवर काढलेलं होतं. तुकडे त्यावर पालथे चिकटवायचे, म्हणजे रंगाची बाजू कागदाला आणि पाठ आपल्याकडे. मग तो कागद तुकड्यांसकट भिंतीवरच्या ओल्या सिमेंटवर दाबायचा, वरून पाणी मारायचं आणि सोलून काढायचा, की खाली चित्र. म्हणून चिकटवायला साधी पिठाची खळ, पाण्याने विरघळणारी. कागद निघेपर्यंत आपण काय केलंय ते कुणालाच दिसत नाही. नुसती आंधळी कोशिंबीर.

किटली ह्यांच्या वाट्याला आली. जोडीला इमारतीतल्या सगळ्यात वरच्या मजल्यावरच्या आजीबाई. अंगाने काटकुळ्या, जिभेला धार आणि घरात एकट्या. त्या रुमालात गुंडाळून एक निळा कप घेऊन आल्या. त्यांच्या यजमानांचा. कान तुटला होता, पण रोज पुसून ठेवलेला दिसत होता. टेबलावर ठेवला, हातोडी मागितली आणि स्वतःच फोडला. 

"किटलीची तोटी ह्याचीच करा, मिस्त्री," आजीबाई म्हणाल्या. "आणि माझा एक तुकडा जरी पडला ना, तर गाठ माझ्याशी आहे."

तेव्हापासून हे घरी येऊन बोलायला लागले. आजीबाई काय म्हणाल्या, शाळेतल्या पोरींनी कसा घोळ घातला, तोटीचा बाक कसा साधला. एकदा तर मीठ जास्त झालं म्हणून माझ्यावर खेकसले. मी स्वयंपाकघरात जाऊन डोळे पुसले. इतकी खूश झाले होते मी त्या खेकसण्यावर!

भिंतीवर लावायचा दिवस उजाडला. हे इस्त्रीचा शर्ट घालून केस विंचरत होते. पाण्याची बाटली ठेवायला म्हणून मी ह्यांची पिशवी उघडली, तर आत डिंकाचा डबा. दारं-खिडक्यांना लावायचा, पावसापाण्याला दाद न देणारा. अर्धा संपलेला.

"हा कशाला नेला होता तुम्ही?"

"किटलीला." आरशातून नजर न काढता म्हणाले, "खळीने काय होतंय? खळ पतंगाला. माझा हात हलला की तुकडा सरकायचा. हा लावला की जिथल्या तिथे. म्हातारीचा एक तुकडा पडणार नाही, बघच तू."

"अहो, आणि कागद कसा निघणार?"

"कागद काय, घासून काढतील शेवटी. पॉलिश पेपर मारल्याशिवाय कुठलं काम पुरं होतं का?"

सुतार माणूस डिंकाच्या बाबतीत दुसऱ्याचं ऐकतो थोडंच? ती पोर कानीकपाळी ओरडून सांगत असणार, आणि हे मनात म्हणत असणार, पोरीला काय कळतंय. मी डबा रागाने माळ्यावर भिरकावला आणि तशीच अनवाणी भिंतीकडे धावत सुटले.

भिंतीपाशी ही गर्दी. दोन्हीकडची माणसं पहिल्यांदाच एका बाजूला उभी होती. गवंड्याने सिमेंट थापलं होतं आणि डावीकडचे कागद बसतही होते. चित्रवाल्या पोरीला मी कोपऱ्यात ओढलं आणि कानात सांगितलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला. किटलीच्या कागदापाशी जाऊन तिने ओलं बोट कोपऱ्यावर घासलं. मग नखाने उचकटून पाहिलं. कागद ढिम्म.

"काकू, हा निघणार नाही."

"मग लावू नका."

"लावला नाही तरी कागद तुकड्यांना चिकटलेलाच राहणार ना. आणि मधे भगदाड पडेल." तिने मागे पाहिलं. हे गर्दीतून वाट काढत येत होते आणि शाळेतल्या पोरी "मिस्त्रीकाका आले, मिस्त्रीकाका आले" म्हणून ओरडत होत्या. "काकू, मी त्यांना काय सांगू?"

तोवर गवंडी खेकसला, "आटपा लवकर! सिमेंट कुणाची वाट बघत नाही."

ह्यांनी कागदाचं एक टोक धरलं, गवंड्याने दुसरं. ह्यांचा उजवा हात थरथरत होता आणि हे हसत होते. वर्षभरात ते हसू मी पाहिलं नव्हतं. आयुष्यभर फटकळ म्हणून नावाजलेली मी, माझी जीभ टाळ्याला चिकटली. किटली भिंतीवर बसली.

मग पाणी मारलं. कडेचा पहिला कागद सोलला आणि एका पोराचा लालभडक सदरा बाहेर आला. टाळ्या. पुढचा सोलला, एक म्हातारा निघाला, बरणीच्या झाकणाचं टक्कल असलेला. हशा. एकेक कागद सालीसारखा उतरत होता आणि सोलणं दोन्ही कडांकडून मधल्या किटलीकडे सरकत होतं.

किटलीचा कागद ह्यांनीच धरला. ओढला. पुन्हा पाणी मारलं, पुन्हा ओढला. कोपरा फाटून हातात आला. नखाने खरवडलं, तर बोटभर लगदा. टाळ्या थांबल्या. मागून कुणीतरी म्हणालं, "किटलीला काय झालं?" कुणी खुदकन हसलं. मी वळून असं पाहिलं की ते हसू तिथेच गिळलं गेलं.

"माझा कप!" आजीबाई पुढे आल्या. "मिस्त्री, माझा कप कुठाय?"

ह्यांनी स्वतःच्या हातांकडे पाहिलं. मग भिंतीकडे. तेव्हा ह्यांना कळलं. मी ते कळताना पाहिलं आणि वाटलं, देवा, हे पाहायला मला का ठेवलंस! "मी डिंक लावला," एवढंच म्हणाले. मोठ्याने, सगळ्यांना ऐकू जाईल असं. आणि चालू लागले. घरी आले, इस्त्रीच्या शर्टासकट खाटेवर पडले, भिंतीकडे तोंड करून.

पुन्हा "हं" सुरू झालं. दाढी वाढली. भरलं ताट तसंच परत जाऊ लागलं. चित्रवाली पोर आपल्या कामाला दुसऱ्या गावी निघून गेली. जाताना दारात येऊन बरंच काही बोलली, पण ह्यांनी मान वळवली नाही. या वेळी हा माणूस माझ्या हातून गेला, अशी माझी खात्री झाली.

आणि एका सकाळी दारावर धडाधड काठी वाजली. दारात आजीबाई. आमच्या गल्लीत त्यांनी आजवर पाऊल ठेवलं नव्हतं. एका हातात काठी, दुसऱ्या हातात वाफाळती किटली, काखेत जुन्या ब्रशांची पिशवी. मला ओलांडून सरळ खाटेपाशी गेल्या.

"माझ्या माणसाचा कप कागदाखाली गाडून झोपलात होय? लाज नाही वाटत? उठा! गरम पाण्याने तो कागद सुटतोय थोडा थोडा, मी बघून आलेय. मला वाकता येत नाही. चला."

"माझा हात थरथरतो, आजीबाई." पडल्या पडल्या हे म्हणाले. इतक्या दिवसांतलं पहिलं सबंध वाक्य.

"खरवडायलाच तर जायचंय! आयता हलतोय, तेवढेच कष्ट कमी."

असं ह्यांना कुणी बोललं नव्हतं, माझीही कधी हिंमत झाली नव्हती. हे सावकाश उठून बसले. वाकून खाटेखालून पेटी ओढली आणि आतून लाकूड तासायची पटाशी काढली.

तेव्हापासून रोज सकाळी दोघं भिंतीपाशी. आजीबाई स्टुलावर बसून गरम फडकी पिळून देणार, हे फडकं दाबून धरणार, मग खरवडणार. दिवसाकाठी नखाएवढा कागद निघायचा. शाळेतल्या पोरी जाता जाता दातांचे ब्रश चालवून जायच्या. इमारतीतल्या बाया थर्मासमधून गरम पाणी आणायच्या, आमच्या गल्लीतल्या पातेल्यातून, आणि उभ्या उभ्या एकमेकींच्या सुनांची उणीदुणी काढायच्या. हे घरी येऊन सगळं सांगायचे. किटलीचं पोट दिसलं, झाकण दिसलं, कडी दिसली. आणि माझ्या मनात नवीनच धाकधूक. कागद संपत आला होता. कागद संपला की काय? पटाशी पेटीत, पेटी खाटेखाली. पुढचं मला तोंडपाठ होतं.

शेवटी नुसती तोटी उरली. आदल्या संध्याकाळी हे म्हणाले, "उद्या संपतंय बघ."

सकाळी हे दाढी करत होते, मी चहा घेऊन पुढे गेले. भिंतीपाशी आजीबाई एकट्याच. पाठमोऱ्या. एका हातात वाटी, दुसऱ्यात ब्रश, आणि तोटीवर खाकी कागदाचा ताजा तुकडा थापत होत्या. तोटी जवळजवळ उघडी पडली होती. कपाचा निळा रंग उन्हात चमकत होता आणि बाई तो पुन्हा झाकत होती.

"आजीबाई! अहो, काय करताय हे?"

त्या दचकल्या. वाटी हिंदकळली. चोरी पकडल्यासारखा चेहरा झाला, पण क्षणभरच. मग माझ्यावरच डाफरल्या, "हळू बोला! ते येतील. काल जरा जास्तच निघाला, म्हणून." आणि खाली बघत पुटपुटल्या, "मलाही सकाळी उठून कुठेतरी जायला लागतं हो, मिस्त्रीणबाई."

मी वाटीत बोट बुडवलं. पिठाची खळ! गल्लीच्या तोंडाशी ह्यांच्या खाकरण्याचा आवाज आला.

"ही खळ दुपारपर्यंतसुद्धा टिकायची नाही," मी म्हटलं. "आजचा दिवस भागवा. माळ्यावर ह्यांचा डबा पडलाय, अर्धा भरलेला. उद्या घेऊन येते."