दिवाळी अंकापर्यंत थांबलेली दुरुस्ती

मित्रांनो, कर्वेनगरात दत्तप्रसादांच्या माळ्यावर, बिघडलेल्या कूलरशेजारी जो काळा खोका दिसतो ना, तो मी. एका मराठी संकेतस्थळाचा जुना सर्व्हर. भंगार म्हणालात तरी चालेल, आता राग येत नाही.

एकेकाळी काय थाट होता माझा! आयटीतली नोकरी सांभाळून दत्तप्रसादांनी सुटे भाग जोडून मला उभं केलं. देशोदेशीची मराठी माणसं माझ्यावर लिहायची, भांडायची, आठवणी ठेवायची. त्यांतल्याच हमीदाताईंनी वडिलांचा, सिराजचाचांचा, ध्वनिमुद्रित आवाज ठेवला होता. चाचा बुकबाइंडर होते; खळ कशी शिजवायची, पुठ्ठा कसा चढवायचा, हे हसत हसत सांगायचे. ते गेले, पुढे ताईंचा फोनही बिघडला. तो आवाज फक्त माझ्यापाशी उरला. ताई रोज ऐकायच्या आणि मला भारी अभिमान वाटायचा.

एकदा दत्तप्रसादांनी कुणाला न विचारता दुरुस्ती केली आणि लोकांच्या जुन्या कवितांतल्या अक्षरांचे नुसते चौकोन झाले. केवढा गहजब! तेव्हापासून नियम झाला, आधी चर्चा, मग दुरुस्ती. नियम चांगलाच होता.

मग माझी डिस्क कटकट वाजू लागली. दत्तप्रसादांनी सगळ्यांना लिहिलं, "साइट दोन दिवस बंद ठेवून सगळं नव्या डिस्कवर हलवतो. चालू ठेवली तर आहे तेही जाईल. चालेल ना?"

नेमके दिवाळी अंकाचे दिवस! संपादक भाग्यश्रीबाईंनी उत्तर दिलं, "अहो, अंक निघेपर्यंत कळ काढा. आपली मागची दुरुस्ती आम्ही विसरलेलो नाही." नागोराव नावाच्या सभासदांनी मतदान मागितलं. मतदान किती दिवस चालवायचं, यावर आणखी चर्चा. हमीदाताईंनी कळवळून लिहिलं, "आधी वाचवा हो, भांडण नंतर करू." त्यांना उत्तर मिळालं, "हा मुद्दा चर्चेच्या वेगळ्या धाग्यात मांडावा."

दत्तप्रसाद माझ्यापुढे नुसते बसून राहायचे. बंद करायचं बटण हाताशी होतं, पण बोलणी खाऊन ते धसकले होते. मी जिवाच्या आकांताने वाजत होतो.

अंक निघाला, वाहवा झाली. त्याच दुपारी माझी डिस्क कायमची थांबली.

हमीदाताई रिक्षा करून धावत आल्या. "दत्तप्रसादभाऊ, अब्बांचं तेवढं तरी निघेल का?"

"नाही निघणार, ताई."

ताईंनी माझ्या पत्र्याला कान लावला.

मित्रांनो, चार जणांना विचारून कामं करा, जरूर करा. पण मोडायला आलेली वस्तू मतदान संपायची वाट बघत नाही. आणि दुरुस्तीला धावणाऱ्याची एक चूक जन्मभर उगाळू नका. तुमच्याकडे कुणाचा आवाज असेल, तर त्याची दुसरी प्रत आजच काढा. सिराजचाचांचा आवाज आता मलाही आठवत नाही.