गडग्याबाहेरचा भुईचाफा

मी एक जुने खुरपे आहे. माझा खैराचा दांडा अजून शाबूत आहे, पण पाते गंजून निम्मेच उरले आहे, त्यामुळे तुम्ही मला चटकन ओळखणार नाही. तळा गावच्या गुणाजी लोहाराने मोडीत निघालेल्या ट्रकच्या पाट्यातून मला घडवले. धार लावून झाल्यावर तो म्हणाला, "ह्ये हयातभर कापंल." तेव्हा मला माझ्या धारेचा केवढा गर्व वाटला होता! आता ते शब्द आठवले की नको वाटते.

श्रीवर्धनच्या खतिजाबीने मला बाजारातून आणले. तिच्या सुपारीच्या वाडीत मी सात-आठ वर्षे तण काढले. शेजारणी मला मागून न्यायच्या आणि परत द्यायचे सोयीस्कर विसरायच्या, इतके माझे कौतुक होते.

मग खतिजाबीची धाकटी बहीण तस्नीम वारली. तिला नर्सिंग शिकायला मुंबईला जायचे होते. आईवडील नव्हते, घरात शब्द चालायचा तो खतिजाबीचा, आणि तिने जाऊ दिले नाही. दोघींचे बोलणे तुटले. त्याच पावसाळ्यात तापाने तस्नीमला नेले आणि अबोला तसाच राहून गेला.

मित्रांनो, त्यांच्या घरातल्या बायका कबरस्तानात जात नाहीत. तस्नीमची कबर अगदी कडेला, गडग्याला, म्हणजे दगड रचून केलेल्या कुंपणाला, लागून आहे आणि गडग्याबाहेर लगेच रान सुरू होते. म्हणून खतिजाबी मला घेऊन रानाच्या बाजूने यायची आणि बहिणीच्या उशाशी, पण गडग्याबाहेर, सब्जा लावायची. कबरीपाशी सब्जा लावायची त्यांची रीत आहे. तिथे ऐन आणि करंजाच्या झाडांची इतकी दाट सावली की भर दुपारी दिवेलागण झाल्यासारखे वाटते. सब्जा पिवळा पडून मेला. दुसरा लावला, तोही गेला. तिसरा मेला तेव्हा खतिजाबी तिथेच मातीत बसली.

"तिला माझ्या हातचं काही नको आहे," ती म्हणाली.

बौद्धवाडीतली जनी सरपण गोळा करत होती. ती थांबली. "भाभी, रुसवा कसला? सब्ज्याला ऊन लागतं. हितं ऊन हाय का कुठं?"

"मग मोगरा लावू? तिला आवडायचा."

"सावलीत नुसता पाला वाढंल, कळी न्हाय धरणार. जास्वंदीचं पन तसंच. सोनटक्का फुलंल, पन त्याला पाणी लागतं, ते हितं कोण घालनार? भुईचाफा लावा. रानातलाच हाय तो, उन्हाळ्यात फुलतो."

जनीने पाच कांदे आणून दिले. मी खड्डे केले, खतिजाबीने कांदे पुरले. पावसात रुंद पाने आली आणि खतिजाबी कितीतरी महिन्यांनी हसली. पण दिवाळीनंतर पाने पिवळी पडली आणि थंडीत पार नाहीशी झाली. जनी तेव्हा लेकीकडे पनवेलला गेलेली, विचारायचे कुणाला? दर शुक्रवारी खतिजाबी त्या उघड्या मातीकडे बघत उभी राहायची. मातीखाली काय चालते ते मला ठाऊक होते. कांदे जिवंत होते, पण मी कसे सांगणार?

एप्रिलमध्ये एका सकाळी ती आली ती ठरवूनच. "हेही नको ना तुला? मग आता मी यायचीच नाही." तिने कांदे उपटून टाकायला मला उचलले. मला पडायचे नव्हते, मित्रांनो. पण अवजाराचे कोण ऐकतो? मी खाली आले आणि काहीतरी मऊ कापले गेले.

ती कळी होती. पांढरी, जांभळ्या ओठाची, एकही पान नसताना थेट जमिनीतून वर निघालेली. आणखी एका दिवसात ती उमलली असती. माझ्या पात्याला तिचा वास लागला.

खतिजाबीने ते दोन तुकडे ओंजळीत घेतले आणि गडग्यावर कपाळ टेकले. "तुला जाऊ द्यायला हवं होतं, तस्नीम. चुकलं माझं."

इतक्या दिवसांत हे वाक्य तिने एकदाही उच्चारले नव्हते. मी कान देऊन वाट पाहिली. पलीकडे वाळकी पाने सरकली, बाकी काही नाही.

तिने हातांनीच माती सारखी केली आणि मला गडग्याच्या भेगेत ठेवून दिले. पुन्हा हातात घेतले नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रार नाही. चार दिवसांनी उरलेले चारही कांदे फुलले. आता दर एप्रिलला फुलतात.

मित्रांनो, जमीन उघडी दिसली म्हणून तिथे काही नाही असे समजू नका. खणण्याआधी एक उन्हाळा थांबा. पण घरात कुणाशी अबोला असेल तर मात्र थांबू नका, आजच जाऊन बोला. खतिजाबी अजून दर शुक्रवारी येते आणि गडग्याशी बोलते. मी भेगेतून सगळे ऐकते. पलीकडून अजून एकही शब्द आलेला नाही.