हात वर केल्यावर

"हात टेबलावर ठेवा," डॉक्टर म्हणायचे. मी ठेवायचे. नाडी ठणठणीत! मग मानेचा व्यायाम, मग व्हिटॅमिन, शेवटी "टेन्शन घेऊ नका." जळलं मेलं ते टेन्शन!

मी केस कापते. नणंदेच्या पार्लरमध्ये पहिली खुर्ची माझी. बट डाव्या हाताच्या दोन बोटांत धरायची, वर ओढायची आणि बोटांच्या कडेकडेनं कात्री चालवायची. दिवसभर तो हात खांद्याच्या वर. आणि वर नेला की जड व्हायचा, बोटं पांढरीफटक, गार. खाली सोडून झटकला की पुन्हा शहाण्यासारखा. दवाखान्यात तर अगदी साळसूद.

"गर्दी वाढली की बरा दुखतो तुझा हात," नणंद म्हणाली. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण तर्जनीचं टोक आता निळं पडलं होतं आणि झटकूनही जात नव्हतं. हात गेला तर मी काय करणार होते? दुसरं येतंय काय मला?

नव्या डॉक्टरीणबाईही म्हणाल्या, "हात टेबलावर ठेवा."

माझा तोल सुटला. "मी काय हात टेबलावर ठेवून केस कापते?"

त्या चिडल्या नाहीत. स्टूल ओढून माझ्यापुढे बसल्या. "बरं, मी गिऱ्हाईक. कापा." मी हात त्यांच्या डोक्यावर नेला, त्यांनी मनगट धरलं. जरा वेळानं त्यांचा चेहरा उतरला. "नाडी लागत नाहीये. एवढ्यावरून ठरत नाही, पण मानेचा आणि रक्तवाहिन्यांचा फोटो काढायलाच हवा."

फोटोत मानेच्या मुळाशी एक जादा बरगडी निघाली, जन्मापासूनची! हात वर केला की तिथे रक्तवाहिनी चेपायची. चेपून चेपून ती पुढे फुगली, आत गुठळी धरली आणि तिचे कण बोटांत उतरले.

"आमचे हे रोज हाताला तेल लावून चोळतात," मी म्हटलं.

"बंद करा! गुठळी सुटली तर बोटं जातील. आजच भरती व्हा."

बरगडी काढली, रक्तवाहिनीचा फुगलेला तुकडा बदलला, रक्त पातळ करायच्या गोळ्या सुरू झाल्या. जखम भरल्यावर बाईंनी माझा हात वर धरून नाडी बघितली आणि हसल्या. आमचे हे तर ढसाढसा रडले. "अहो, जिवंत आहे मी," मी म्हटलं.

कामाची परवानगी मिळाली त्या दिवशी नणंद स्वतःच खुर्चीत बसली. "माझ्यापासून सुरुवात कर." माफी मागायची तिची हीच पद्धत. मी बट धरली. हात वर, तरी ऊबदार, गुलाबी. कात्री चालू लागली, गप्पा रंगल्या. मला तर आनंदानं गाणं म्हणावंसं वाटत होतं.

आरशात नणंदेचे डोळे विस्फारले. "अगं, बोट!"

तर्जनीचं टोक कापलं गेलं होतं. रक्त मनगटावरून ओघळून तिच्या मानेवर टपटपत होतं. तिनं झटकन उठून टॉवेल दाबून धरला.

"फार दुखतंय का गं?"

"नाही," मी म्हटलं, "काहीच नाही." टॉवेलचा दाबही बोटाला कळत नव्हता. मला रडू कोसळलं.