केव्हा लक्षात आलं

"नाव कुणीच घालायचं नाही," कोऱ्या चिठ्ठ्या टेबलावर सरकवत नव्या मॅनेजर चैताली मॅडम म्हणाल्या. "पाच मिनिटं बोलायचंही नाही. आपल्या यंत्रात जे खटकतंय ते लिहायचं आणि या पाटीत टाकायचं. मग दिनेश एकेक वाचेल."

पाटी टेस्टिंग विभागातून आणलेली होती आणि तिला सडक्या कांद्याचा वास मारत होता. मालक खैरनार साहेबांनी नाकाला रुमाल लावला. सविता गांगुर्डेंना मात्र त्या वासाचं काही वाटलं नाही. तीन महिने त्या त्याच वासात काम करत होत्या. संध्याकाळी घरी गेल्या की लेक तेजल त्यांना दारातूनच आंघोळीला पिटाळायची.

अंबडच्या औद्योगिक वसाहतीतली ही कंपनी शेतीपंपांचे स्टार्टर बनवायची. आता तिने नवं यंत्र काढलं होतं. साठवणीच्या चाळीत कांदा सडू लागला की वासावरून ओळखून अलार्म वाजवणारं. गुरुवारी लासलगावला त्याचं प्रात्यक्षिक होतं आणि त्यानंतर लगेच ते तीनशे चाळींत बसणार होतं.

सविताताई टेस्टिंगला बावीस वर्षं होत्या. शिक्षण आयटीआयचं, पण हात असा की, नुसता तळवा ठेवून मोटरचं बेअरिंग कुरकुरतंय हे सांगायच्या, आणि मीटरवाले इंजिनिअर तासाभराने मान्य करायचे. इंजिनिअरांनी बनवलेली वस्तू बिघडेपर्यंत वापरायची आणि बिघडली की तिला लेबल बांधायचं, हे त्यांचं काम. लेबलावर तीन रकाने असत. काय आढळलं, केव्हा लक्षात आलं आणि तपासणाऱ्याचं नाव. बावीस वर्षांत त्यांनी अशी किती लेबलं लिहिली असतील कोण जाणे.

आणि इथेच मॅडमची गफलत झाली होती. त्या येऊन जेमतेम आठ महिने झाले होते. चिठ्ठीवर नाव नसलं तरी सविताताईंचं ते टपोरं, डावीकडे कललेलं अक्षर इथला वॉचमनसुद्धा ओळखायचा, हे त्यांना कोण सांगणार?

ताईंनी पेन उचललं, पण कागदावर टेकवलं नाही.

काय लिहायचं ते त्यांना पाठ होतं. हवा दमट असली की अलार्म दोन दिवस उशिरा वाजत होता. शनिवारी त्यांच्या ते लक्षात आलं आणि आज मंगळवार होता. ऐन पावसाळ्यातच तर कांदा चाळीत असतो. दोन दिवसांत एकाचे शंभर सडतात.

असंच एकदा पाच वर्षांपूर्वी झालं होतं. नवा स्टार्टर चाळीस मिनिटं चालला की आतून तापत होता. ताईंच्या हाताला ते कळलं होतं. मीटिंगमध्ये त्या सांगायला उभ्याही राहिल्या होत्या, पण साहेब कडाडले, "तुम्हाला खोट काढण्याशिवाय दुसरं काही येतं का हो? बसा खाली!" ताईंची दातखीळ बसली. त्या बसल्या. लेबल लिहायचं राहिलं. दोन दिवसांनी माल गेला. दिंडोरीकडच्या एका शेतात तो स्टार्टर बसवून चालवून बघताना काळूचा उजवा हात भाजला. काळू पेठकडचा, फिटर म्हणून नंबर एक. त्याची दोन बोटं पुन्हा वळलीच नाहीत. आता तो स्टोअरच्या खिडकीत बसून डाव्या हाताने सामान द्यायचा आणि रोज सकाळी हसून म्हणायचा, "काय ताई, बरंय ना?"

ताई बरंय म्हणायच्या. आपण भित्र्या आहोत, आपल्यामुळे याचा हात गेला, हे त्यांनी पाच वर्षं कुणालाही सांगितलं नव्हतं. नवऱ्यालासुद्धा नाही. तपासणीतला तो तापणारा स्टार्टर त्यांच्या ड्रॉवरमध्ये फडक्यात गुंडाळून ठेवलेला होता.

मॅडमनी मागच्या महिन्यात सगळ्यांना मेंदूचं शास्त्र समजावून सांगितलं होतं. लोकांनी जांभया दिल्या, ताईंनी मात्र एकेक शब्द टिपून घेतला. "मागे तुमच्या कॉलनीत बिबट्या शिरला होता ना?" मॅडम म्हणाल्या होत्या. "तो समोर आल्यावर कुणाला पाढे आठवतील का? नाही. मेंदू तेव्हा फक्त पळायचं बघतो. विचार करणारा भाग मागे पडतो, शब्द सापडत नाहीत. मीटिंगमध्ये कुणी अंगावर ओरडलं की मेंदूला तो बिबट्याच वाटतो. हा भित्रेपणा नाही. शरीराचा धर्म आहे. टीमकडून डोकं चालवून हवं असेल, तर आधी खोलीतला बिबट्या बाहेर काढा."

त्या दिवशी ताई बाथरूममध्ये जाऊन रडल्या होत्या. पाच वर्षांत पहिल्यांदा त्यांना थोडं हलकं वाटलं होतं.

आता पाच मिनिटांतली तीन संपली होती. ताईंनी पेन डाव्या हातात घेतलं. एक अक्षर कसंबसं काढलं आणि त्यांची त्यांनाच लाज वाटली. ते खोडून त्यांनी उजव्या हाताने नेहमीच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं, 'दमट हवेत अलार्म दोन दिवस उशिरा वाजतो.' चिठ्ठीची घडी घालून पाटीत टाकली.

इंजिनिअर दिनेशने पहिली चिठ्ठी वाचली. वायर आखूड आहे. दुसरी उघडली आणि तो अडखळला. त्याने ताईंकडे पाहिलं, मग हळू आवाजात वाचलं.

"ही सविताताईंची," साहेब म्हणाले. रुमाल नाकावरून खाली आला होता.

"साहेब, नाव घ्यायचं नाही असं ठरलंय," मॅडम म्हणाल्या.

"अहो, अक्षर दिसतंय ना! परवावर लासलगाव आलं आणि आज—"

ताईंचे कान तापले. आला बिबट्या, त्या मनात म्हणाल्या. त्यांनी खुर्चीची पाठ घट्ट धरली, एक लांब श्वास सोडला आणि त्या उभ्या राहिल्या.

"हो साहेब. माझंच अक्षर आहे. तीन पेट्यांत कांदे ठेवून तीनदा बघितलं. कोरड्या हवेत बरोबर वाजतो. दमट हवेत दोन दिवस उशीर करतो. लासलगावला हॉलमध्ये वाजेल, चाळीत वेळेवर नाही वाजणार."

शब्द सगळे सापडले.

साहेबांनी बोलायला तोंड उघडलं. तेवढ्यात दिनेशने तिसरी चिठ्ठी उघडली होती. "'पाऊस असला की अलार्मला उशीर होतो.'" मग चौथी. "'दमटपणाचं बघायला हवं.'" पाचवी वाचताना त्याचा चेहरा पडला. "ही माझीच आहे. मलापण माहीत होतं, साहेब. आठ दिवस झाले."

सातांपैकी चौघांना ठाऊक होतं, आणि चौघंही बिनबोभाट परवाची वाट बघत बसले होते. म्हणजे स्टार्टरच्या वेळीही आपण एकट्याच नसू, हे ताईंच्या मनात आलं आणि त्या खुर्चीत टेकल्या.

सहावीत स्क्रूचं काहीतरी होतं. सातवी कोरी होती. दिनेशने ती उलटसुलट करून पाहिली.

"माझी आहे ती," साहेब म्हणाले. त्यांनी तो कोरा कागद दिनेशच्या हातून घेतला. "मला यातलं काहीच माहीत नव्हतं."

मग सगळ्यांदेखत त्यांनी मोबाईल काढला, लासलगावला फोन लावला आणि प्रात्यक्षिक महिनाभर पुढे ढकललं. फोन ठेवल्यावर म्हणाले, "ताई, त्या पेट्या मला दाखवा." एवढंच. माफी मागणं त्यांना कधी जमलं नाही, पण उरलेली दुपार त्यांनी त्या वासात, रुमालाशिवाय काढली.

संध्याकाळी साडेपाचला ताई स्टोअरच्या खिडकीशी आल्या. हातात फडक्यातला स्टार्टर होता.

"काळू, एक लेबल दे."

काळूने लेबल आणि दोरा दिला. ताईंनी तिथेच खिडकीच्या फळीवर लिहिलं. काय आढळलं: चाळीस मिनिटांनी आतून तापतो. केव्हा लक्षात आलं: तिथे त्यांनी पाच वर्षांपूर्वीची तारीख घातली, माल जायच्या दोन दिवस आधीची. तपासणाऱ्याचं नाव: सविता गांगुर्डे.

काळूने लेबल आपल्याकडे फिरवलं आणि सावकाश वाचलं. तारखेशी त्याची नजर थांबली. त्याने एकदा स्टार्टरकडे पाहिलं, एकदा ताईंकडे. ताईंनी नजर चुकवली नाही.

त्या दोरा बांधू लागल्या, पण पहिली गाठ पुन्हा पुन्हा सैल पडत होती. काळूने उजवा हात खिडकीबाहेर काढला आणि न वळणारं एक बोट गाठीवर दाबून धरलं.

"घट्ट बांधा, ताई," तो म्हणाला. "नायतर सुटतं."

ताईंनी दुसरी गाठ मारली.