कुलूपरावांचा बंदोबस्त

ऑफिसात त्यांना सगळे कुलूपराव म्हणत, आणि हे नाव त्यांनी कष्टाने कमावलं होतं. यंदा त्यांनी मेल सर्व्हरला शिस्त लावायचं मनावर घेतलं. मेल घेणाऱ्या प्रोग्रामने फक्त घ्यायचे, वाटणाऱ्याने फक्त वाटायचे. नियमात नाही त्या फायलीला बोट लावलं की सिस्टिमच हात धरणार. मग हुकूम खुद्द साहेबांचा का असेना!

आधी महिनाभर सराव चालला. नियम मोडला तरी अडवायचं नाही, नुसती नोंद ठेवायची. नोंदींचा ढीग साचला. तो वाचायचा कुलूपरावांनी कंटाळा केला. आज सकाळी मात्र छाती पुढे काढून त्यांनी अडवणं चालू केलं.

घरी अबोला होता. पाहुण्यांसमोर त्यांनी बायकोच्या ड्रायव्हिंगची टिंगल केली होती. चूक आपली, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं, पण आधी बोलायचं कुणी? बायको याच ऑफिसात, वरच्या मजल्यावर हिशेब विभागात. दर भांडणानंतर तिचाच मेल यायचा, आणि मग कुलूपराव मोठ्या मनाने वर जायचे.

दुपार झाली तरी एकही तक्रार नाही. कुलूपराव स्वतःवरच खूश झाले. तिचाही मेल नाही हे पाहिलं, तेव्हा मात्र तोंड उतरलं. ‘राहू दे, आपलंच काय अडलंय,’ म्हणत ते एकटेच जेवायला बसले.

तेवढ्यात साहेब तणतणत आले. “अहो, सकाळपासून एक मेल नाही! तीनदा तक्रार केली!”

“कुठे केलीत?”

“मेलवर!”

कुलूपरावांचे कान लाल झाले. नोंदी उघडल्या, तेव्हा कळलं: वाटणाऱ्या प्रोग्रामला लोकांच्या मेलपेटीत लिहायची परवानगी द्यायचीच ते विसरले होते. त्यांनी मुकाट्याने अडवणं बंद करून नियम पुन्हा नोंदीपुरते केले. अडकलेले मेल भडाभडा सुटले. त्यांत तिचा, सकाळीच पाठवलेला: ‘पुरे झालं आता. जेवायला वर या. थांबते.’

कुलूपराव धापा टाकत वर पोचले. तिचा डबा तसाच बंद होता. त्यांना फार वाईट वाटलं.

“चुकलं माझं,” ते दारातूनच म्हणाले. “त्या दिवशीही, आणि आजही. तुझा मेल मीच अडवला होता.”

“आणि आता?”

“आता सिस्टिम कुणाला अडवत नाही. कोण कुठे चुकलं, त्याची नुसती नोंद ठेवते.”

“म्हणजे माझ्यासारखीच,” ती म्हणाली, आणि शेजारची खुर्ची त्यांच्यासाठी ओढली.